लघवीची गोळी : निचरा हवा, पण मळा वाळू नये



आजाऱ्यांना भेटण्यासाठी आम्ही घरोघरी जातो तेव्हा उशाशी जपमाळेशेजारी औषधांची पिशवी हमखास दिसते आणि तिच्यात बहुधा ‘लघवीची गोळी’ असते. “नियमित घेता ना?” असे विचारले की पुष्कळ आयाबाया खाली बघून सांगतात, “फादर, मिस्सेच्या दिवशी नाही घेत. बाजारच्या दिवशीही नाही. निंदणीला गेलं तर शेतात आडोसा कुठं असतो?”

या उत्तराला हसू नये. गोळी चुकली की रक्तदाब चढतो, पायांवर सूज येते, आणि हृदय दुबळे असेल तर रात्री आडवे झाल्यावर धाप लागते. लाजेपायी माणूस दवाखान्यात पोहोचावा, ही गोष्ट आमच्या मते त्या बाईपेक्षा आपणा सर्वांना अधिक कमीपणा आणणारी आहे.

गोळी काय करते? कानमच्या काळ्या जमिनीत निचरा नसला तर पाणी साचते आणि मुळे कुजतात, हे आपण जाणतोच. शरीरात जादा मीठ राहिले की ते पाणी धरून ठेवते. ही गोळी मूत्रपिंडांना मीठ बाहेर टाकायला लावते आणि मिठामागे पाणी जाते. पूर्वी सूज उतरवण्यासाठी पाऱ्याची इंजेक्शने देत. 1958 साली क्लोरोथायाझाइड ही गोळी बाजारात आली आणि रक्तदाबाच्या उपचाराला नवे वळण लागले. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या, तेहतीस हजारांहून अधिक रुग्णांवरील एका मोठ्या अमेरिकन पाहणीत याच जातीची क्लोरथॅलिडोन ही जुनी, स्वस्त गोळी नव्या, महाग औषधांच्या तोडीस तोड ठरली. तेव्हा स्वस्त म्हणून तिला हलकी समजू नका.

परंतु चर फार खोल खणला तर ओल जाते आणि खतही वाहून जाते. या गोळ्यांपैकी बहुतेकींमुळे लघवीवाटे पोटॅशियम जाते. खताच्या पोत्यावर आपण ज्याला पालाश म्हणतो तेच हे. ते घटले की पायांत गोळे येतात, थकवा येतो, हृदयाचे ठोके चुकू लागतात. म्हणून कोणी सांगते, “केळी खा, नारळपाणी प्या.” थांबा! स्पायरोनोलॅक्टोनसारख्या काही गोळ्या पालाश उलट राखून ठेवतात. तेथे हा सल्ला, किंवा ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणारे मीठ, घातक ठरू शकते. आपली गोळी कोणत्या जातीची, हे डॉक्टरांना विचारून घ्या. सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन यांची रक्ततपासणी ते सांगतील तेव्हा करा. माती परीक्षणाशिवाय खत घालू नये, तसेच हे.

आणखी काही गोष्टी मनावर घ्याव्यात.

गोळी सकाळी घ्यावी. फ्युरोसेमाइड तासाभरात काम सुरू करते आणि साधारण सहा तास चालते. संध्याकाळी घेतली तर झोप जाते आणि अंधारात उठताना माणूस पडतो. प्रवासाच्या दिवशी वेळ पुढेमागे करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा; पुष्कळांना तशी मुभा मिळते. चुकलेली गोळी भरून काढण्यासाठी दोन एकदम घेऊ नका.

रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर आणि खाण्यापूर्वी वजन करून वहीत लिहा. दोनतीन दिवसांत दोन किलो वाढले तर डॉक्टरांना गाठा. उठल्यावर घेरी येते, तोंड कोरडे पडते, लघवी फारच कमी होते, तरीही त्यांना कळवा. उलट्या-जुलाब लागले, किंवा वैशाखाच्या उन्हात अंगातले पाणी आटले, तर गोळी चालू ठेवावी की थांबवावी हे त्याच दिवशी विचारा.

गुडघे दुखतात म्हणून दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवीची गोळी यांच्याबरोबर यांपैकी एखादी पोटात गेली तर मूत्रपिंडांवर तिहेरी मार बसतो.

आपल्या वडोदऱ्याला औषधांचे गाव म्हणावे. येथे 1907 साली अलेम्बिकची स्थापना झाली. पण एकाच औषधाला बाजारात अनेक नावे असतात. दोन डॉक्टरांकडून दोन नावांनी तीच गोळी आणून दोन्ही खाणारे लोक आम्ही पाहिले आहेत. दवाखान्यात जाताना सगळी पिशवी सोबत न्या.

आणि सूज म्हणजे लघवीची गोळी, असेही नव्हे. ॲम्लोडिपिनने घोट्यांवर येणारी सूज तिने सहसा उतरत नाही. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर रक्ताची गुठळी असू शकते. गरोदरपणी चेहरा किंवा हात सुजले तर लगेच दवाखाना गाठावा. शेजारणीची गोळी तर कधीच घेऊ नये.

मिठाचे काय? दिवसाला सर्व मिळून पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गाठिया, पापड आणि लोणचे चालूच ठेवायचे आणि गोळीला दोष द्यायचा, हा न्याय नव्हे.

शेवटी उपवासाविषयी. राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला काही वृद्ध पाण्याचा थेंबही न घेता ही गोळी घेतात. ख्रिस्तसभेने हे मागितलेले नाही. 1983 च्या धर्मसंहितेनुसार उपवासाचे बंधन अठरा पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंतच आहे. आजाऱ्यांना ते नाही. पाणी प्यायल्याने उपवास मोडतही नाही. मात्र हृदयविकारामुळे डॉक्टरांनी पाण्याचे माप ठरवून दिले असेल तर तेच पाळावे.

आता आमच्याकडून एक गोष्ट. मिस्सेच्या वेळी चर्चमागच्या शौचालयाला यापुढे कुलूप नसेल आणि दाराजवळची दोन बाके अशा मंडळींसाठी राखून ठेवू. प्रवचन चालू असताना कोणी उठून गेले तर आम्हांला राग येणार नाही. इतरांनीही वळून पाहू नये. शेतमालकांनी बांधावर निदान एक आडोसा उभारावा. चार बांबू आणि गोणपाट यांत कोणी मजूरबाई आपली गोळी चुकवणार नसेल, तर तो खर्च महाग नाही.