आजारी मूल, पाळणाघर आणि अब्बाची रजा

सकाळी मुलाला पॅरासिटामॉल पाजायचं, तासाभरात अंग थंड झालं की पाळणाघरात सोडायचं आणि ऑफिस गाठायचं. दोघंही नोकरी करणाऱ्या किती घरांत हे चालतं, ते पाळणाघरातल्या मावशींना विचारा. औषधाचा असर चार ते सहा तास टिकतो. मग दुपारी ताप परत चढतो आणि मावशींचा फोन येतो. तोवर ते मूल सगळ्यांसोबत तीच खेळणी तोंडात घालून मोकळं झालेलं असतं.

मूल घरी कधी ठेवावं, हा प्रश्न वैद्यकीयदृष्ट्या फारसा अवघड नाही. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर घरी. औषध न देता पूर्ण २४ तास ताप आला नाही की मगच परत पाठवायचं. उलट्या-जुलाब थांबल्यावर ४८ तास जाऊ द्यावेत. कांजिण्यांच्या सगळ्या फोडांवर खपली धरली पाहिजे, त्याला साधारण पाच दिवस लागतात. गोवरात पुरळ उठल्यापासून निदान चार दिवस घरी. नुसतं नाक वाहतंय, पण मूल खातंय, खेळतंय, तर खुशाल पाठवा. पाळणाघरातल्या मुलाला वर्षात आठ-दहा वेळा सर्दी होणं नेहमीचंच आहे. प्रत्येक शिंकेला घरी ठेवलं तर आईची नोकरीच जाईल.

‘आईची’ असं मुद्दाम लिहिलं, कारण खरी अडचण तिथेच आहे. मावशींचा फोन आईला जातो, रजाही तीच टाकते. तिचा पगार कमी, म्हणून तिची रजा स्वस्त, असा हिशोब मी चांगल्या शिकलेल्या मित्रांकडून ऐकलाय. तिचा पगार अशाच रजांमुळे मागे राहतो, हे त्या हिशोबात कुठेच धरलेलं नसतं. कायदाही याच वळणाचा. २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली, दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभाही दिली. मुभा आईला. बापाचा विचारच नाही.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांकडे रात्री सर्व्हर पडला तर कोणी उठायचं, याचा रोस्टर असतो. मूल तापलं तर कोणी थांबायचं, याचा रोस्टर घरात का नसावा? हा आठवडा अब्बाचा, पुढचा अम्मीचा. ज्यांना घरून काम करता येतं, त्यांना तर सबबच नाही. अर्थात तापलेलं मूल मांडीवर घेऊन मीटिंग होत नाही, तेव्हा सरळ रजाच टाकावी.

घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘बच्चा है, बीमार तो पडेगाच, अल्लाह मालिक है.’ त्यांना हजरत उमर यांची गोष्ट सांगावी. शामकडे जाताना, तिथे साथ आहे हे कळल्यावर ते सरग इथून मागे फिरले. अल्लाहच्या तकदीरपासून पळता का, असं एका मोठ्या सहाबींनी विचारलं, तरी ते फिरलेच. साथ असलेल्या मुलखात जाऊ नये आणि तिथून बाहेरही पडू नये, ही पैगंबरांची शिकवण. आजारी उंट निरोगी उंटांत मिसळू नयेत, हेही हदीसमध्ये आहे. शिवाय पैगंबर घरकामात हातभार लावत, हे हजरत आयेशांनी सांगितलंय. दाढीच्या लांबीवर तासभर बोलणारे आपण या सुन्नतवर गप्प का बसतो, कोण जाणे.

हे सगळं आपल्याच मुलापुरतं नाही. गोवराच्या लशीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळतो. म्हणजे पाळणाघरात शेजारच्या पाळण्यातलं सात महिन्यांचं बाळ पूर्णपणे आपल्या भरवशावर असतं. २०२२ मध्ये गोवंडीत गोवराची साथ आली तेव्हा मुलं दगावली. तिथे रोजंदारीवर जाणाऱ्या आईचा एक दिवस घरी म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. पगारी रजा हातात असलेल्यांनी निदान ती वापरावी. आणि मावशींना ती रजाही नसते. आपल्या मुलाचा ताप त्यांच्या घरी गेला तर त्यांचे पैसे कापले जातात.

अर्जात ‘तब्येत बरी नाही’ असं खोटं कशाला लिहायचं? ‘मुलाला ताप आहे, मी घरी आहे,’ असं बापांनी लिहायला लागावं. मॅनेजर पहिल्यांदा भुवया उंचावेल. टीममधल्या तिघा-चौघांनी लिहिलं की त्याचीही सवय होईल, आणि तेच कारण लिहिणाऱ्या बाईकडे तो वेगळ्या नजरेने बघणार नाही.