भेगाळलेल्या जमिनीचे छायाचित्र

विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांविषयी जी छायाचित्रे छापून येतात, ती बहुधा दोनच प्रकारची असतात. एकात भेगाळलेली जमीन आणि आभाळाकडे पाहणारा वृद्ध; दुसऱ्यात भिंतीशी बसलेली विधवा आणि तिच्या मांडीवर पतीची हार घातलेली तसबीर. ती काढणाऱ्यांच्या हेतूविषयी मी शंका घेत नाही. माझी तक्रार त्या चित्रांविषयी आहे.

वसईकर वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण कापसाची काळी जमीन दर उन्हाळ्यात भेगाळतेच. पीक सोळा आणे आले तरी भेगाळते. ओल आटली की आकसावे, हा त्या मातीचा स्वभावच आहे. मग ती भेग दुर्दशेचा पुरावा कशी ठरते? उलट, ती सारा दोष आभाळावर ढकलून मोकळी होते. १९७२ पासून चालत आलेली एकाधिकार कापूस खरेदी योजना नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच मोडीत निघाली. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि बियाण्याचा खर्च वाढला. बँकेच्या दारातून परतलेला शेतकरी सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसला. यातले काय त्या भेगेत दिसते? अमेरिकेतील महामंदीत, १९३६ साली, आर्थर रॉथस्टीन या सरकारी छायाचित्रकाराने गुराची एक कवटी काही फूट हलवून भेगाळ जमिनीवर टिपली, तेव्हा तिथल्या वृत्तपत्रांनी केवढा गदारोळ केला! आपल्याकडे कवटी हलवण्याचेही कष्ट पडत नाहीत.

त्याच वर्षी डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात निपोमो येथे एका मजूर मातेचे छायाचित्र घेतले. ते जगभर गाजले. लँग यांनी तिचे नावही विचारले नव्हते. ते फ्लोरेन्स थॉम्पसन असल्याचे जगाला कळले १९७८ मध्ये, आणि आपल्याला त्यातून एक छदामही मिळाला नाही, ही त्या बाईंची तक्रारही तेव्हाच कळली. छायाचित्र छापून आल्यावर त्या छावणीवर धान्य पोहोचले खरे, परंतु तोवर हे कुटुंब पुढे निघून गेले होते.

यावर एक आक्षेप हमखास येतो: चित्र नसेल तर कोणाचे हृदय द्रवणार? आक्षेप पोकळ नाही. १९४३ च्या बंगालमध्ये सरकारने अधिकृतपणे दुष्काळ जाहीरच केला नाही. तो देशाला दाखवला सुनील जाना यांच्या कॅमेऱ्याने. पण ती चित्रे एकटी फिरली नाहीत. त्यांच्यासोबत पूरनचंद जोशी यांचे वृत्तान्त होते.

आपल्या विधवेसोबत काय असते? तिचे अश्रू. शासकीय मदतीच्या एक लाखापैकी ३० हजार हाती आणि ७० हजार ठेवीत, आणि तेही आत्महत्या ‘पात्र’ ठरली तर! कर्ज परवाना नसलेल्या सावकाराचे निघाले की मृत्यू ‘अपात्र’. पात्र आणि अपात्र विधवांची छायाचित्रे मात्र तंतोतंत सारखी दिसतात. शिवाय हीच बाई पहाटे निंदणीला जाते, वेचणी करते, तेव्हा कॅमेरा कुठे असतो? पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत कष्टकरी स्त्रियांची छायाचित्रे घेतली, ती काम करतानाची. म्हणजे हे अशक्य नाही.

उपवासकाळात दानाच्या पाकिटांवर वाडगा धरलेले मूल छापणाऱ्या आपल्या संस्थांनाही माझे हेच सांगणे आहे. त्या मुलाला नाव आहे. त्याच्या आईची परवानगी घ्या. वेचणीची मजुरी किती पडली, कापूस कोणत्या भावाने गेला, बियाण्याचे पाकीट कितीला आले, हे चित्राखाली लिहा. एवढ्या मजकुराला जागा नसते, असे म्हणतात. मग छायाचित्र दोन बोटे लहान छापावे.