व्हिसा कुणाला, वेटिंग कुणाला



२००२ सालच्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात एक कलम आहे. परदेशी पेशंटनं इथं येऊन परकी चलनात बिल भरलं, तर ती ‘निर्यात’ समजावी आणि इस्पितळाला तशा सवलती द्याव्यात. म्हणजे कांदा, केळी आणि आता बायपास. आमच्या जळगावची केळी आखातात पाठवावी लागतात, मुंबईतलं गुडघ्याचं ऑपरेशन मात्र जागच्या जागी निर्यात होतं! २०१७ पासून तर या पाहुण्यांसाठी ई-मेडिकल व्हिसाही आहे.

येणाऱ्यावर आमचा राग नाही. इराकचा, बांगलादेशचा, केनियाचा माणूस घरदार विकून येतो. विमा नसलेला अमेरिकन येतो, कारण त्याच्या श्रीमंत देशानंही त्याला वाऱ्यावर सोडलंय. तो आपल्याच जातकुळीचा. आणि आपले पुढारी? एम. जी. रामचंद्रन १९८४ साली उपचाराला थेट न्यूयॉर्कला गेले होते. आजारी पडलं की कुणी विमानानं जातं, कुणी विमानानं येतं. एरंडोलचा माणूस एस.टी.नं जातो.

त्याचा परदेश कुठून सुरू होतो? तालुक्याच्या दवाखान्यातून चिठ्ठी मिळते – जळगावला न्या. जळगावला सरकारी मेडिकल कॉलेज यायला २०१८ साल उजाडलं. देश स्वतंत्र होऊन ७१ वर्षं झाली होती, भो! तिथून धुळं, नाशिक, आणि कॅन्सर असला तर मुंबई. चारशेवर किलोमीटर. परळचं टाटा १९४१ पासून उभं आहे, तिथली मंडळी राबतात, त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. पण बाहेरच्या फूटपाथवर बघा. सलाईनच्या सुया टोचलेल्या हातांनी स्टोव्ह पेटवणारी माणसं कुठली आहेत? बोली ऐका, अहिराणी सापडेल. दादरला गाडगेबाबांच्या मिशनची धर्मशाळा आहे म्हणून काहींना छप्पर मिळतं. ज्यानं आयुष्यभर झाडू मारला, त्याच्याच नावावर सरकारचं काम ढकललेलं.

उपचार फुकट मिळाला तरी बुडालेली मजुरी, सोबत आलेल्या माणसाची भाकर, खोलीभाडं कुठली योजना देते? बायकोच्या गळ्यातली पोत सोनाराकडे जाते, ती त्यासाठीच.

बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’त काठेवाडच्या एका शाळामास्तराची हकीगत आहे. १९२९ साल. बायको बाळंतीण, तापानं फणफणलेली. डॉक्टर यायलाच तयार नव्हता. दोन रुपयांची हमी मिळाल्यावर आला, पण वस्तीबाहेर थांबला. थर्मामीटर त्यानं एका मुसलमानाला दिलं, त्यानं नवऱ्याला, नवऱ्यानं बायकोला. नाडी नाही, तपासणी नाही. बाई मेली. आज थर्मामीटर हातातून हातात जात नाही, हे खरं. आज अंतर काउंटरवर मोजतात. डिपॉझिट किती आणलंय, कार्ड कुठलं, रेशनकार्डाचा रंग कोणता, आणि आडनाव वाचताना क्लार्कचा आवाज का बदलतो, ते ज्याला कळायचं त्याला कळतं.

आता कामाचं बोलू. महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ४१ एए आणि मुंबई हायकोर्टानं २००६ साली मान्य केलेली योजना. धर्मादाय इस्पितळांनी १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बलांना सवलतीत द्यायच्या. बिलांच्या रकमेतले २ टक्के त्यासाठी बाजूला काढायचे. तातडीच्या पेशंटला डिपॉझिट न मागता दाखल करायचं. परदेशी पेशंटसाठी एअरपोर्टवर गाडी पाठवणारी कित्येक चकाचक इस्पितळं ट्रस्टच्याच नावावर आहेत. स्वस्त जमीन, करमाफी, सगळं ‘धर्मादाय’ म्हणून घेतलेलं. ही भीक नाही, वसुली आहे.

तेव्हा मुंबई-पुण्याच्या पोरांनी हे करावं. गावाकडून पेशंट आला की त्याला एकट्याला खिडकीवर सोडू नये. उत्पन्नाचा दाखला गावाहून निघतानाच काढून आणायला सांगावं. सोशल वर्करचं टेबल कुठं आहे ते आधी बघून ठेवावं. ‘खाट नाही’ म्हणाले तर लेखी मागावं. लेखी देत नसतील तर त्याच दिवशी धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज टाकावा आणि त्याची पोच घ्यावी. अर्जाची एक प्रत आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात इस्पितळवार छापू.