फरशी बसण्याआधीचे दिवस

दिवाळी सरली की आपल्या व्यवसायाचा हंगाम सुरू होतो. कर्जत, अलिबाग, लोणावळा, नाशिकच्या आसपासची फार्महाउसेस, कुठेही जा, बंगल्याच्या मालकाची मागणी ठरलेली असते: एप्रिलच्या सुट्टीत मुले स्विमिंग पूलमध्ये उतरली पाहिजेत. आपण ‘होऊन जाईल साहेब’ म्हणतो, थ्रीडी चित्र दाखवतो, दर ठरवतो आणि जेसीबी बोलावतो. त्या चित्रातले निळे पाणी आणि आजची हिरवळ यांच्यामध्ये तीन-चार महिने असतात. त्या महिन्यांत आवाराचे काय होणार, कोणत्या आठवड्यात काय दिसणार आणि कोणत्या आठवड्यात काहीच हालचाल दिसणार नाही, हे मात्र आपण क्वचितच सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक तंट्यांचे मूळ इथे आहे. मालक वाईट नसतो आणि आपले कामही बहुधा वाईट नसते. त्याला कल्पना दिलेली नसते, एवढेच.

पहिला धक्का मातीचा. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी १.३ मीटर पाण्याची टाकी म्हटली तर मालकाच्या डोळ्यांसमोर लहानसा खड्डा येतो. प्रत्यक्षात भिंतींची जाडी, सेंटरिंगला चारी बाजूंनी लागणारी जागा, तळाचा स्लॅब आणि त्याखालचे सोलिंग धरले की ३० ब्रासच्या वर खोदकाम होते. खोदलेली माती फुगते, म्हणून उचलताना ती ४० ब्रासच्या आसपास भरते. दोन ब्रासच्या डंपरच्या २० खेपा. या खेपा कोणत्या फाटकातून जाणार, कुंपणाची भिंत किती फूट पाडावी लागेल, आंब्याच्या मुळांना धक्का बसेल का, शेजाऱ्यांच्या रस्त्यावर सांडलेला मुरूम कोण झाडणार, हे सगळे मालकाबरोबर आवारात फिरून, बोट दाखवून ठरवण्याच्या गोष्टी आहेत. पुढचा प्रश्न खडकाचा. घाटावर फूटभर मुरुमाखाली काळा पाषाण लागला तर ब्रेकर लावावा लागतो आणि त्याचे तासाचे भाडे अंदाजपत्रकात बहुधा नसते. काळी माती लागली तर ती काढून खाली मुरूम भरून दाबावा लागतो. दर देण्याआधी एक चाचणी खड्डा घेतला की यातले बरेच आधीच कळते. जेसीबी अर्धा दिवस थांबवण्याचा खर्च वाचवायचा म्हणून आपण तो टाळतो आणि पुढे वाढीव बिलावरून महिनाभर वाद घालतो.

सळई बांधली जाते आणि काँक्रिटचा दिवस येतो, तेव्हा सगळे खुशीत असतात. पाणी साठवणाऱ्या बांधकामासाठी आयएस ३३७० प्रमाणे किमान एम-३० काँक्रिट हवे. अशा टाकीला ते चौदा-पंधरा घनमीटर लागते. तळ आधी, भिंती नंतर आणि दोघांच्या सांध्यात वॉटर स्टॉप. पाइपांमध्ये दाब भरून, गेज लावून ठेवूनच काँक्रिट ओतावे, म्हणजे व्हायब्रेटरने पाइप फुटला तर काटा तिथेच खाली येतो. हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. सांगायचे आहे ते त्यानंतरच्या दिवसांबद्दल.

मालक शनिवारी मुंबईहून किंवा पुण्याहून येतो. त्याला दिसते ते असे: करडी टाकी, भिंतींवर ओली गोणपाटे, तळात वीतभर पाणी आणि रबरी नळी धरून उभा असलेला एक माणूस. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. ‘काम बंद आहे का?’ हा फोन त्याच रात्री येतो. आयएस ४५६ साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी मारायला सांगते आणि फ्लाय अॅश मिसळलेले सिमेंट असेल किंवा हवा कोरडी व तापलेली असेल, तर १० दिवस. आपण वापरतो ती बहुतेक पोती पीपीसीची असतात आणि काम चालते ते फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात. म्हणजे १० दिवस हे कमीत कमी झाले. काँक्रिटची पूर्ण ताकद मोजायची ती २८ दिवसांनी. हे मालकाला पहिल्या बैठकीत सांगितले असेल, तर नळीवाला माणूस त्याला कामावरचा माणूस वाटतो. सांगितले नसेल, तर तो त्याला वेळकाढूपणा वाटतो, मग आपण त्याच्या फोनला घाबरून पाचव्या दिवशी वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतो आणि त्या घाईची किंमत भिंतीतल्या भेगा पुढची दहा वर्षे वसूल करतात.

मग पाण्याची चाचणी. फरशी बसवण्याआधी टाकी काठोकाठ भरायची. वरच्या मापाच्या टाकीत ४२ हजार लिटरच्या आसपास पाणी मावते, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर आणि थोडे वर. ‘एवढे पाणी भरून परत काढायचे?’ असे मालक विचारणार आणि टँकर विकत घेणाऱ्या माणसाने ते विचारलेच पाहिजे. त्याला उत्तर द्यावे, चाचणी टाळू नये. काढलेले पाणी झाडांना आणि पुढच्या कामाला वापरता येते, हेही सांगावे. काँक्रिट सुरुवातीला थोडे पाणी पिते, म्हणून काही दिवस पाणी तसेच राहू द्यावे. मग पायरीवर एक बादली ठेवावी, तिच्यात टाकीच्या पातळीइतकेच पाणी भरावे आणि आत-बाहेर दोन्ही पातळ्यांना पेन्सिलची खूण करावी. चोवीस तासांनी पाहावे. ऊन दोन्हीकडे सारखेच पाणी उडवते. टाकीतली पातळी बादलीतल्यापेक्षा जास्त उतरली असेल, तर तेवढी गळती. ही खूण मालकाच्या हाताने करून घ्यावी. स्वतः केलेल्या खुणेवर माणसाचा जेवढा विश्वास बसतो, तेवढा आपल्या कोणत्याही हमीपत्रावर बसत नाही.

इथे या मासिकाचे स्पष्ट मत मांडतो. आपल्या धंद्यातली हप्त्यांची रचना चुकीची आहे. आगाऊ रक्कम, मग खोदकाम, आरसीसी, फरशी आणि शेवटी पंप-फिल्टर असे हप्ते पडतात. पाण्याच्या चाचणीवर एक रुपयाही नसतो. पैसे फरशीवर अडकलेले असल्यामुळे ठेकेदार फरशीकडे धावतो आणि निळी फरशी दिसली की मालकालाही बरे वाटते. मधली चाचणी कोणालाच नको असते. एकूण रकमेतला किमान दहावा हिस्सा या चाचणीवर ठेवा आणि तो मिळाल्याशिवाय फरशीचे एकही खोके उघडू नका. मालकालाही त्यामुळे कळते की पैसे कशाचे आहेत.

विजेच्या कामात मालकाची घाई किंवा काटकसर, काहीही ऐकू नये. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे, ट्रान्सफॉर्मर पाण्यापासून लांब, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि शिडीपासून सळईपर्यंत सगळ्या धातूचे अर्थिंग तपासलेले. यात सवलत नाही.

पाणी भरल्यावरचा पहिला आठवडाही आधीच सांगून ठेवावा. बोअरच्या पाण्यात लोह असेल, तर क्लोरीन टाकताच ते तपकिरी किंवा हिरवट होते आणि पाहुणे बोलावून बसलेल्या कुटुंबाचा धीर सुटतो. ताज्या सिमेंटमुळे पीएच सारखा वर चढतो. तो ७.२ ते ७.६ मध्ये आणायला रोज तपासणी लागते. या दिवसांत आपला माणूस रोज तिथे असला पाहिजे आणि त्याचा खर्च कोटेशनमध्ये धरलेला असला पाहिजे.

राहिला पावसाळा. कोकणात कामे करणाऱ्यांनी हा हिशेब मालकासमोर बसून करावा. वरच्या मापाच्या रिकाम्या टाकीचे वजन, भिंती आणि तळ २० सेंटिमीटर जाडीचे धरले तर, ३६ टनांच्या आसपास भरते. तळाचे क्षेत्रफळ ३७ चौरस मीटर. म्हणजे जुलैत जमिनीतले पाणी तळापासून सुमारे एक मीटर वर चढले की टाकीला वर ढकलणारा जोर तिच्या वजनाइतका होतो. त्यापुढे ती होडीसारखी उचलली जाते, पाइप तुटतात, काठाची फरशी फुटते. भरलेल्या टाकीत ४२ टन पाणी असते, म्हणून ती जागची हलत नाही. ‘पावसात वापर नाही, तर रिकामी करून धुऊन ठेवू’ हा विचार घर सांभाळणाऱ्या कोणत्याही माणसाला सहज सुचेल आणि त्यात त्याचा काही दोष नाही. म्हणून हस्तांतरणाच्या दिवशी हे मालकाला सांगाच, शिवाय बंगल्यावर वर्षभर राहणाऱ्या माळ्याला किंवा राखणदारालाही सांगा. ‘जून ते ऑक्टोबर टाकी रिकामी करू नये, करायची झाल्यास आधी फोन करावा’ असे मराठीत लिहिलेला पत्रा पंपरूममध्ये ड्रेन व्हॉल्व्हच्या शेजारी ठोका आणि त्यावर आपला नंबर घाला. तळाला प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह बसवला असला तरीही ठोका, कारण तो गाळाने बुजू शकतो.