बाहीचे माप

कारखान्यात कपडा कामापुरता असावा, शोभेची हौस सुटीच्या दिवशी भागवावी, असे पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत सर्रास ऐकू येते. वरवर पाहता हे बिनतोड वाटते. फिरत्या स्पिंडलला ओढणीचे कौतुक नसते. वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात तिथे पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते, म्हणून सुती कापडच हवे. गाडीच्या ताज्या रंगावर चरा उमटू नये म्हणून पट्ट्याचे बक्कल झाकावे लागते, अंगठी-घड्याळ काढून ठेवावे लागते. यातले काहीच नाकारायचे कारण नाही. पण यावरून सोय आणि सौंदर्य यांचे हाडवैर आहे असा जो निष्कर्ष काढला जातो, तो मात्र साफ चुकीचा आहे. सुरक्षिततेची पहिली अट तीच देखणेपणाचीही पहिली अट आहे: कपडा अंगाला नीट बसला पाहिजे. लोंबणारी बाही यंत्रात सापडते आणि दिसतेही गबाळी.

1948 च्या कारखाने अधिनियमाला हे कळले होते. चालू यंत्राची तपासणी करणाऱ्याने घट्ट बसणारे कपडे घालावेत आणि ते मालकाने पुरवावेत, असे त्याच्या कलम 22 मध्ये लिहिले होते. मात्र त्याच कलमाने ते काम प्रौढ पुरुष कामगारासाठी राखून ठेवले आणि स्त्रियांना अशा जोखमीपासून दूर ठेवले. म्हणजे कारखान्यातल्या कपड्याचा बेत मुळात पुरुषाच्या अंगावर ठरला. 1974 मध्ये टेल्कोच्या, म्हणजे पुढच्या टाटा मोटर्सच्या, नोकरीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्जच करू नये असे छापले होते. त्यावर सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड धाडून जाब विचारला आणि पुण्याच्या कारखान्यात नोकरी मिळवली. 2022 पर्यंत त्याच कंपनीच्या पुण्यातल्या कारखान्यात हॅरिअर आणि सफारी जोडणारी केवळ महिलांची लाइन उभी राहिली होती. काम करणारे हात बदलले. बेत मात्र या औद्योगिक पट्ट्यातल्या कितीतरी शेडमध्ये तोच राहिला. पुरुषी शर्टच लहान मापात दिला जातो. मग खांद्याची शिवण दंडावर उतरते, बाही दुमडावी लागते आणि हात वर केला की ती घडी नेमकी सुटते. पँट कमरेत सैल आणि खाली घट्ट, त्यामुळे वाकले की शर्ट वर सरकतो. याला 'व्यवहार्य' म्हणायचे कशाच्या जोरावर?

उलट बाजूचे संस्कृतिरक्षक म्हणतात, शर्ट-पँटमध्ये बाईपण हरवते, आपली साडीच सुंदर. त्यांनी नऊवारीकडे जरा नीट पाहावे. कासोटा मागे खोचला की पाय मोकळे होतात. भातलावणीच्या चिखलात आणि मासळीबाजारात बायकांनी याच साडीत दिवसभर कष्ट उपसले. नऊवारीचे काठ पोटरीवरून ज्या डौलाने जातात, तो डौल कासोट्यामुळेच आला आहे. पदराचे टोक कमरेला खोचले की तेही कामाच्या आड येत नाही. म्हणून उद्या असेम्ब्ली लाइनवर नऊवारी नेसा असे मुळीच नाही. सुटू शकणारे प्रत्येक टोक तिथे धोक्याचेच. पण ज्या समाजाने कामाच्या गरजेतूनच रूप घडवले, त्याच्या नावाने सोय आणि शोभा यांची फारकत करणे हास्यास्पद आहे.

आणखी एक आक्षेप जास्त वजनदार आहे. गणवेशाने साहेब आणि कामगार, श्रीमंत आणि गरीब हा भेद पुसला जातो. त्यात नटण्यामुरडण्याला वाव दिला तर पुन्हा चढाओढ सुरू होईल. समतेचा हा मुद्दा मान्य. परंतु समता रंगात आणि कापडाच्या प्रतीत असावी, मापात नव्हे. सगळ्यांना सारखा सदरा देऊन तो फक्त निम्म्यांना बसत असेल, तर ती समता कागदावरचीच. (नटण्याचा विषय निघालाच आहे म्हणून: गळ्यात लोंबणारा टाय हा शॉप फ्लोअरवरचा सर्वांत निरुपयोगी दागिना, पण पाहुण्या साहेबांच्या त्या हौसेला नखरा म्हणायची कुणाची छाती होत नाही.) शिवाय नीटनेटके दिसण्याची इच्छा बंदी घालून मरत नाही. गणवेशात तिला जागा नसेल तर ती बांगड्यांत, कानातल्यांत, बाहेर काढलेल्या मंगळसूत्रात जागा शोधणार, आणि यंत्राजवळ नको असतात त्या नेमक्या याच वस्तू. कमरेत घेतलेला शर्ट, स्वतःच्या मापाचे सेफ्टी शूज, रुमाल आणि मोबाइल मावेल असा झाकणाचा खिसा, मळला तरी कळकट न दिसणारा रंग, एवढ्याने ती इच्छा पुष्कळशी भागते आणि अपघाताला वाटही मिळत नाही.

शेवटी खर्चाचा प्रश्न उरतो, कारण कंत्राटी कामगारांच्या कपड्यांवर जादा पैसा घालायची कुणाचीच तयारी नसते. पण कोणता बोल्ट किती टॉर्कने आवळायचा हे जिथे काटेकोर ठरलेले असते, तिथे बाहीच्या मापाला 'एम, एल, एक्सएल' पुरते म्हणणे ही काटकसर नव्हे, बेफिकिरी आहे. कापडाचे पैसे कंपनी मोजतेच. भरतीच्या दिवशी शिंपी बसवून प्रत्येकीचे माप घेण्याची अट तेवढी कंत्राटात घालावी, आणि ती कायम व कंत्राटी दोघींना एकसारखी लागू करावी.