दोष कायद्याचा, रक्ताचा नव्हे





अमेरिकेत एखाद्या शाळेत गोळीबार झाल्याची बातमी आली की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. एक म्हणजे, ‘अमेरिकन माणसाच्या रक्तातच हिंसा आहे, त्यांची संस्कृतीच तशी.’ आणि दुसरी, ‘त्यांचा देश, त्यांचा कायदा, आपण कशाला नाक खुपसायचे?’ या दोन्ही प्रतिक्रिया मला चुकीच्या वाटतात. दोन्हींमुळे फावते ते बंदुका विकणाऱ्यांचेच, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी दुसरीबद्दल. ऑक्टोबर 1992 मध्ये लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूज शहरात शिकायला आलेला सोळा वर्षांचा एक जपानी मुलगा हॅलोवीनच्या पार्टीला निघाला होता. ज्यांच्या घरी तो राहत होता, त्यांचा मुलगा सोबत होता. पत्ता चुकला आणि दोघांनी भलत्याच घराची बेल वाजवली. घरातल्या बाईने बाहेर डोकावून पाहिले, घाबरून दार लावले आणि नवऱ्याला बंदूक आणायला सांगितले. नवरा .44 मॅग्नम घेऊन दारात आला, थांब म्हणून ओरडला. आपण पार्टीला आलो आहोत असे सांगत मुलगा पुढे येत राहिला आणि गोळी त्याच्या छातीत बसली. ज्यूरीने घरमालकाला निर्दोष सोडले. मुलाच्या आईवडिलांनी जपानमध्ये सुमारे 17 लाख सह्या गोळा केल्या आणि नोव्हेंबर 1993 मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांची भेट घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस बंदूक घेणाऱ्याची पूर्वतपासणी सक्तीची करणाऱ्या ब्रॅडी विधेयकावर क्लिंटन यांनी सही केली. त्या कायद्यासाठी अमेरिकेतलेच लोक वर्षानुवर्षे झगडले होते, श्रेय त्यांचेच आहे. पण ‘तुमचा काय संबंध?’ असे त्या आईवडिलांना कोणत्या तोंडाने विचारणार?

मेक्सिकोचेही तेच. तिथे बंदूक कायदेशीरपणे विकत घ्यायची तर लष्कराच्या ताब्यातल्या मोजक्या दुकानांत जावे लागते. तरीही टोळ्यांच्या हाती बंदुकांचा सुकाळ आहे, कारण त्यांतल्या बऱ्याचशा सीमेपलीकडून, अमेरिकेतून चोरट्या मार्गाने येतात. मेक्सिको सरकारने 2021 मध्ये अमेरिकन बंदूक कंपन्यांवर अमेरिकेतल्याच न्यायालयात दावा लावला. जून 2025 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला. आधार होता 2005 चा कायदा, जो अशा दाव्यांपासून या कंपन्यांना संरक्षण देतो. ज्या कायद्याची झळ शेजाऱ्याच्या घरापर्यंत पोचते, तो निव्वळ ‘अंतर्गत प्रश्न’ उरत नाही.

आणि आपला संबंध? 5 ऑगस्ट 2012 रोजी विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीक गुरुद्वारात सहा जण मारले गेले. पेट्रोल पंपावर, किराणा दुकानाच्या गल्ल्यावर रात्रपाळी करणारी भारतीय मुले गोळीला बळी पडल्याच्या बातम्या आपण वाचतो. माझ्या भाचीची मुलगी न्यू जर्सीत पहिलीत शिकते. शाळेत दिवे घालवून, दाराला आतून कडी लावून, भिंतीला पाठ टेकून गप्प बसण्याचा सराव करून घेतात, हे तिने मला फोनवर पाढे म्हणावेत तितक्या सहजपणे सांगितले. सहा वर्षांच्या मुलीला हे अंगवळणी पडावे याची मला चीड येते, आणि ती व्यक्त करायला मी अमेरिकेचा नागरिक असण्याची गरज नाही.

तेव्हा बोलावे, जरूर बोलावे. पण काय बोलावे? इथे मला पहिल्या प्रतिक्रियेवर आक्षेप घ्यायचा आहे.

‘हिंसा रक्तातच आहे’ हे निदान वस्तुस्थितीला धरून नाही. फ्रँकलिन झिमरिंग आणि गॉर्डन हॉकिन्स या अभ्यासकांनी 1997 मध्ये ग्रंथ लिहून दाखवून दिले की चोऱ्या, घरफोड्या, मारामाऱ्या यांत अमेरिका इतर श्रीमंत देशांपेक्षा फारशी वेगळी नाही. वेगळेपण आहे ते भांडणाचा, चोरीचा शेवट मृत्यूत होण्यात, आणि त्याचे मोठे कारण म्हणजे हाताशी असलेली बंदूक. अमेरिकेत 2021 मध्ये 48 हजारांहून अधिक माणसे बंदुकीच्या गोळीने मेली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. निराशेच्या एका क्षणी घरातल्या कपाटापर्यंत गेलेल्या माणसाला हिंसक संस्कृतीचा प्रतिनिधी म्हणणार का? कपाटात बंदूक नसती तर त्यांतले कितीतरी जण वाचले असते.

बंदुकीचे वेड फक्त अमेरिकेत होते असेही नाही. ऑस्ट्रेलियातही शेतकरी, शिकारी, नेमबाज यांचा मोठा वर्ग होता. 28 एप्रिल 1996 रोजी टास्मानियातल्या पोर्ट आर्थरमध्ये एका माणसाने 35 जणांना मारले. पंतप्रधान जॉन हॉवर्ड उजव्या विचारांचे, त्यांच्या आघाडीची बरीच मते ग्रामीण भागातली. तरीही त्यांनी सेमी-ऑटोमॅटिक रायफलींवर बंदी आणली आणि सुमारे साडेसहा लाख बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या. संतापलेल्या बंदूकधारकांच्या सभेत ते कोटाच्या आत बुलेटप्रूफ जाकीट घालून उभे राहिले. नंतरच्या वर्षांत तिथे बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण घटले. लोक तेच होते, कायदा बदलला.

आपल्याकडे तरी काय होते? ब्रिटिशांनी 1878 च्या कायद्याने आपल्या हातातली शस्त्रे काढून घेतली, त्याचा सल पिढ्यान् पिढ्या होता. म्हणूनच 1931 च्या कराची काँग्रेसच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क आला. डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालावा असा आग्रह धरला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विरोध केला आणि समितीने सूचना नाकारली. आज आपल्या घटनेत एकत्र जमण्याचा हक्क आहे, तोही शांततेने आणि विनाशस्त्र. परकीय सत्तेशी लढून आपण स्वतंत्र झालो, अमेरिकाही झाली. तिने 1791 च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत शस्त्राचा हक्क लिहिला, आपण तो लिहिला नाही. हा विचारपूर्वक केलेल्या निवडीतला फरक आहे.

शिवाय अमेरिकन समाज आणि अमेरिकन कायदा एक नव्हेत. डिसेंबर 2012 मध्ये सँडी हूक शाळेत वीस चिमुकली मुले आणि सहा मोठी माणसे मारली गेली. त्यानंतर बंदूक विक्रीतल्या पूर्वतपासणीच्या पळवाटा कमी करणारी दुरुस्ती सिनेटपुढे आली. जनमत चाचण्यांत तिच्या उद्देशाला प्रचंड पाठिंबा होता. एप्रिल 2013 मध्ये 54 विरुद्ध 46 असे बहुमत असूनही ती पडली, कारण साठ मते लागत होती. ‘संस्कृतीच तशी’ म्हणणारा माणूस त्या मुलांच्या आईबापांना आणि त्यांना हरवणाऱ्या बंदूक लॉबीला एकाच पारड्यात टाकतो. लॉबीलाही हेच हवे असते. दोष रक्तात असेल तर कायदा बदलून काय उपयोग?

बाहेरच्याने अख्ख्या समाजावर थुंकले की काय होते, हे आपल्याला ठाऊक आहे. कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईंनी 1927 मध्ये ‘मदर इंडिया’ लिहिले. बालविवाहाचा प्रश्न खराच होता, आगरकर आणि महर्षी कर्व्यांसारखी आपली माणसे स्त्रियांच्या हालांविरुद्ध आधीपासून लढत होती. पण भारतीय स्वराज्याला नालायक आहेत असा मेयोबाईंचा सूर होता. गांधीजींनी त्या पुस्तकाला गटार तपासनिसाचा अहवाल म्हटले. चर्चा मुलींच्या हालांवरून देशाच्या अब्रूवर घसरली. आपल्याला जे झोंबले तेच आपण दुसऱ्याशी करू नये.

‘आपले ठेवावे झाकून’ असेही होऊ नये. डॉ. दाभोलकर आणि कॉ. पानसरे यांना गोळ्या घालूनच मारले. गावठी कट्टे सापडल्याच्या बातम्या रोजच्या आहेत. बीड जिल्ह्यात परवाना असलेल्या शस्त्रांची संख्या हजारावर गेली आणि तिथल्या एका सरपंचाच्या खुनानंतर गदारोळ झाला, तेव्हा कुठे परवान्यांची फेरतपासणी सुरू झाली. तिथेही ‘मराठवाड्याची माणसेच तशी’ म्हणून चालणार नाही. परवाना कोणी दिला, कोणाच्या शिफारशीने दिला, हेच विचारावे लागेल.

अमेरिकेलाही तोच प्रश्न विचारावा. तिथे स्थायिक झालेल्या, मतदानाचा हक्क असलेल्या मराठी बांधवांना माझी कळकळीची विनंती आहे: गणेशोत्सवाला, दिवाळीला मंडळांत एकत्र जमता, तेव्हा मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला पूर्वतपासणीच्या कायद्यावर त्याची भूमिका काय, हे उभे राहून विचारा. आम्ही इथून आवाज देऊ, पण मत तुमच्या हातात आहे.

आपला,
एक वाचक, पुणे