पेटीचा स्वर हाही दस्तऐवज

१/४ १९०२ साली कलकत्त्यात फ्रेड गैसबर्ग यांनी गौहर जान यांचे गायन ध्वनिमुद्रित केले, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. आवाज कर्ण्यातून थेट मेणाच्या तबकडीवर कोरला जाई. मंद स्वर त्यात हरवत. विद्युत ध्वनिमुद्रण १९२५ मध्ये आले.

२/४ मायक्रोफोन आला, पण १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. ती १९७१ मध्ये अंशतः उठली. या तीन दशकांत पेटी भजनी मंडळांत आणि घराघरांत वाजतच होती. संस्थांच्या संग्रहालाच संपूर्ण इतिहास मानणे म्हणूनच मला अमान्य आहे.

३/४ मेहकर, चिखली वा देऊळगाव राजा येथील एखाद्या घरात जुनी पेटी असेल, तर ती आजच ध्वनिमुद्रित करा. पंखा बंद ठेवा. फोन दोन-तीन हात दूर, मऊ घडीवर ठेवा. गोंगाट गाळणारी सोय बंद करा; ती दीर्घ स्वरालाही गोंगाट समजू शकते.

४/४ भात्याचा श्वास आणि सैल पट्टीची खटखट पुसू नका. वाद्याचे वय त्यांतूनच कळते. अखेरीस वादकाचे नाव, गाव व दिनांक उच्चारून नोंदवा. त्यावाचून तो केवळ आवाज उरेल, पुरावा नव्हे.